एक ते दोन

अर्जासोबत दाखला, त्यावर गोल शिक्का.
अर्धा पुसट होता, म्हणून ऑगस्टमध्ये
मी तिला पुन्हा औंधला पाठवलं.
धायरी ते औंध, बदलून दोन बस,
आणि प्रत्येक बसचा नंबर
तिला कुणालातरी विचारावा लागतो.
हे तेव्हा डोक्यात आलं नाही. शिक्का आला.

नाझनीन बागवान, तृतीय वर्ष, मराठी.
रकाना 'दृष्टी', त्यात लिहिलंय शंभर टक्के.
ते उलटं वाचायचं असतं.

लेखनिक शोधणं माझ्याकडे.
तो खालच्या वर्गातला हवा, विषय तिचा नको, नात्यातला नको.
अकरावी कॉमर्सला जाऊन विचारलं, कोण येईल?
पंखा फिरत राहिला.
मग मागच्या बाकावरून सोहम घुले:
"मॅडम, चहा मिळेल?"

खोली तळमजल्याची, जिमखान्याला लागून.
कॅरमचे बोर्ड मी आणि शिरसाट शिपायांनी हलवले.
एका पोरीसाठी, असं ते पुटपुटले.
मी तर मोठ्यानं म्हणाले.

आज पर्यवेक्षणही मीच.
ती सांगते, तो लिहितो, पेन थांबतं.
"दृष्टिकोन लिहिलास? ष्टि कुठली?"
"दुसरी वेलांटी."
"खोड. दृष्टी एकटी असली की दीर्घ.
पुढे कोन आला की ऱ्हस्व."
तो खोडतो.
मी बावीस वर्षं सूचनाफलकावर
दुसरी देत आले. कुणी काही बोललं नाही,
सगळ्यांना दिसत होतं तरी.

एकची घंटा.
वरचे तीन मजले जिन्यावरून खाली ओतले जातात,
टिळक रोडच्या बाजूला स्कूटर सुरू होतात,
कुणीतरी ओरडतं, चौथा प्रश्न सोडला रे!
तासाला वीस मिनिटं, असे तिचे साठ अजून आहेत.
शिरसाट कुलूप घेऊन दारात.
मी मान हलवते. ते कुलूप खिशात टाकून
पायरीवर बसतात, डबा उघडतात,
झाकणाचा आवाज होऊ न देता.

दोनला दहा कमी. "झालं," ती म्हणते.
सोहम तिचं बोट चौकटीवर नेऊन ठेवतो.
सही ती स्वतः करते, सावकाश, मोठी.
न चा वळसा चौकटीबाहेर पडतो
आणि आडनाव माझ्या चौकटीत येऊन थांबतं.
उरलेल्या जागेत मी माझी सही करते.
कशीबशी मावते.

"मॅडम," सोहम म्हणतो, "चहा?"
"तीन सांग," मी म्हणते.
"चार," नाझनीन म्हणते. "दारात कुणीतरी जेवतंय."