वळसा

वामन हॉस्पिटलातून आला
तेव्हा मनगटावर प्लास्टिकचा पट्टा तसाच होता.
कापू का, विचारलं. म्हणाला, राहू दे.

तो यायच्या आधी मुकादमने खोली झाडली.
आफ्टरशेव्ह, खोकल्याचं औषध, सगळं
बिल्डिंगच्या कचरापेटीत.
राजन गुडघे दुखत असून वरच्या खाटेवर गेला.
'पिऊ नकोस' असं कुणी म्हणालं नाही.

गुरुवारी पगार. साइटची बस मनामात सोडते,
आणि घराच्या सरळ रस्त्यावर
ती निळी पाटी लुकलुकते.
आम्ही मासळीबाजाराला वळसा घालतो.
अर्धा तास जास्त. जुलैत
बुटांत घाम साचतो.
मुकादम वाटभर सुरमईचे भाव सांगतो,
इथले आणि दाभोळचे.
वामनला कळतं का, आपण का वळतो?
कळतं. तोही भाव विचारतो.

एक गोष्ट मी खोलीत बोललेलो नाही.
आठ वर्षांपूर्वी त्याची आई गेली,
पासपोर्ट कंपनीकडे, तिकीट नाही,
त्या रात्री पहिला पेला मी भरला होता.
घे. झोप लागेल.

काल दोनला त्याची खाट रिकामी.
गच्चीवर सापडला, टाकीला टेकून.
'नजर ठेवायला नाही आलो.'
'आलायस,' तो म्हणाला. 'बस.'
खारट वारा. लांब सित्र्याच्या रिफायनरीची ज्योत.
पट्टा मनगटावर फिरवत राहिला बराच वेळ,
मग म्हणाला, चहा करशील?

साखर किती, ते मला माहीत आहे.
तरी विचारलं.