सातला सात कमी

हॅलिफॅक्सला नोव्हेंबरात सहा त्रेपन्नला
उजेड नसतो, उजेडाची अफवा असते.
उतारावर झुल्फिकारभाईंचं दुकान,
अर्ध्यावर उचललेलं शटर,
आणि दाराशी एक मुलगी,
खांद्याला पिशवी, पिशवीत तेवीस वर्तमानपत्रं.

मी गाडीत बसून तिला बघते.
कौन्सिल मला ह्या बघण्याचा पगार देते.

सकाळी सातच्या आधी नाही. संध्याकाळी सातनंतर नाही.
शाळा भरायच्या आधी एकच तास.
दूध वाटायचं नाही, पेपर वाटले तर चालतील.
मासे तळतात त्या स्वयंपाकघरात नाही,
कत्तलखान्यात तर नाहीच,
जमिनीपासून तीन मीटरहून उंच नाही.
ह्या तीन मीटरवर मी दर वेळी अडते.
कोण पडलं असेल, कशावरून,
की कुणालातरी टेप घेऊन मोजावंसं वाटलं?

मी उतरते. ओळखपत्र दाखवते.
"अजून सात नाही झाले," ती लगेच म्हणते,
"मी नुसती उभी आहे. उभं राहणं काम असतं का?"

सोळा वर्षं ह्या खात्यात आहे मी.
हा प्रश्न नियमावलीत नाही.

सिन्नरला आमच्या ओट्यावर
आई, मालन आणि मी,
मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची पानं.
आई वळायची, आम्ही तोंडं मिटायचो,
विड्यांची. आणि साहेब आले की आपली.
साहेबांना चहा व्हायचा.
"पोरी शाळेत जातात ना?"
"जातात की."
ते माझ्या पिवळ्या बोटांकडे बघायचे
आणि कागदावर लिहायचे: निरंक.
मला कितीतरी दिवस वाटायचं,
ते साहेबांचं आडनाव आहे.

परवान्यावर टीगन अ‍ॅक्रॉइड, वय पंधरा.
फोटोतले डोळे हेच, हनुवटी वेगळी.
"टीगन कुठंय?"
"तिला सलूनमध्ये काम लागलं, शनिवारचं.
ही वाट तिनं मला दिली."
देणगी मिळाल्यासारखं म्हणते.
"आणि तू?"
"बेथन. मार्चमध्ये तेरा."

मार्च. म्हणजे चार महिने.
मग हीच पिशवी, हाच चढ, हीच तेवीस दारं
एका सहीनं कायदेशीर होतील,
तेव्हा उजेडही असेल.

झुल्फिकारभाई हात पुसत बाहेर येतात.
"मी मोठीच समजत होतो, बहनजी."
आम्ही दोघंही फुटपाथकडे बघतो.

पिशवी ती स्वतःच उतरवते. मी धरते,
आणि हात खाली जातो. आज पुरवण्यांचा दिवस.
ती रडत नाही. झुल्फिकारभाईंना सांगते,
चौदा नंबरला खिडकीतून द्या, त्यांना दारापर्यंत येववत नाही.
एकतीसचा कुत्रा भुंकतो, चावत नाही.
शेवटचं घर विसरू नका,
सगळे विसरतात.

मग रिकामी निघते,
एक खांदा अजून खाली कललेला.

सात वाजतात. मी गाडीत बसून फॉर्म काढते.

नियमावलीच्या तळाशी एक ओळ आहे:
वर्षातून सलग दोन आठवडे
मुलाला ना शाळा असावी, ना काम.
पहिल्यांदा वाचली त्या रात्री
मालनला फोन करून वाचून दाखवली होती.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "आणि पोरांनी करायचं काय तेवढे दिवस?"

शेऱ्याच्या रकान्यात पेन थांबतं.
निरंक लिहिता येतं. त्या शब्दाशी ओळख जुनी.
मी लिहिते: वय बारा वर्षं, आठ महिने.
परवाना बहिणीचा. काम थांबवलं.
आणि जागा संपल्यावर, समासात, बारीक अक्षरात:
सहा त्रेपन्नच्या आधीपासून
उभी होती.