खांद्याच्या वर

सात सामने. अकरा डाव. दोनदा नाबाद.
धावा त्रेचाळीस, सरासरी चार पूर्णांक सत्त्याहत्तर.
बळी एकोणीस.
जोसाया पेंटलो, केंट परगणा, लोहाराचा मुलगा.
मृत्यू : तारीख अज्ञात, ठिकाण अज्ञात.
जाड इंग्रजी पुस्तकात एवढाच तो,
आणि मी पडलो स्कोअरर,
रिकामा रकाना दिसला की बोट तिथेच अडतं.

ठिकाण मला माहीत आहे.
ठिकाण ताडदेव,
गिरणीच्या इंजिनघरामागची दीड खोली.

आमच्यात त्याला पाटलोणसाहेब म्हणत.
पेंटलो कुणाच्या जिभेवर बसलंच नाही,
आणि पाटलोण त्याच्याकडे एकच होती,
गुडघ्याला तिकडच्या गवताचा डाग,
आमच्या पाण्याने कधी न गेलेला.

गोष्ट अशी, की त्या काळी
चेंडू टाकताना हात खांद्याच्या वर न्यायला बंदी होती,
आणि याचा जायचा.
मुद्दाम नाही. लोहाराचं पोर, घण उचलायची सवय.
घण काय खांद्यापाशी थांबतो?

सातव्या सामन्यात अंपायर ओरडला, नोबॉल.
पुन्हा ओरडला. पुन्हा.
षटक तेव्हा चारच चेंडूंचं, याचं संपेचना.
शेवटी त्याने सरपटी टाकले,
धाकट्या बहिणीला टाकावेत तसे,
षटक पुरं केलं, टोपी घेतली.
परगण्याने पुन्हा बोलावलं नाही.

मग गिरणीची नोकरी, केपला वळसा घालून जहाज, चार महिने.
तो पाण्यावर असतानाच, जूनमध्ये,
लंडनला कायदा बदलला :
हात हवा तेवढा वर न्या.
इथे उतरला तेव्हा किल्ल्याचा तट पाडत होते,
फोर्टभर चुन्याचा धुरळा,
जो तो शेअर घेण्यात दंग,
आणि डाकेने त्याच्याआधी पोचलेलं वर्तमानपत्र
कुणीतरी त्याच्या हातात दिलं.
दोनदा वाचलं म्हणतात.
मग त्यात हातोडी गुंडाळली.

तिसऱ्या महिन्यात इंजिनाच्या पट्ट्यात उजवा खांदा गेला.

इथे आमचे आजोबा थांबत, तंबाखू मळत.
म्हादूवर यायला त्यांना वेळ लागे.
म्हादू चिंदरकर, त्यांचा आजा,
तुटला धागा जोडणारा पोऱ्या,
वय नऊ की अकरा, मालवणहून गलबताने आलेला.
रविवारी साहेब त्याला धोबीतलावाकडच्या मैदानात नेई,
म्हशींच्या पलीकडे, जिथे कुणी बघत नसे.
चेंडू सुताचा, वर पट्ट्याचं कातडं.
डाव्या हाताने पोराचं कोपर धरून वर ढकली.
मराठीचे त्याला दोनच शब्द येत,
अजून, आणि कान.
अजून. अजून. कान.
दंड कानाला घासला की सोडून देई.

शिवडीच्या कबरस्तानात जाऊन आलो.
रखवालदार म्हणाला, पहिल्या वहीची पानं वाळवीने नेली,
तुम्ही नाव सांगा, मी डोळे मिटून हो म्हणतो.
पुस्तकवाल्यांना पत्र लिहायला घेतलं.
पुरावा काय जोडणार?
माझे वडील बसडेपोत कारकून, चेंडूला कधी हात लावला नाही,
पण उंच वलणीवर ओली चादर टाकायची
तर काठी घेत नसत,
एका झोक्यात दंड कानाला घासून वर जायचा
आणि चादर पलीकडे.
हे पाकिटात कसं घालायचं?

आज मैदानात टिनाच्या शेडखाली बसलोय, वही मांडीवर.
कुणा पोराचा पाय रेषेबाहेर पडतो,
अंपायर ओरडतो, नोबॉल,
आणि माझ्याकडे वळून थांबतो.
खूण पोचली असं स्कोअररने दाखवायचं, नियम आहे.
मी हात वर करतो.
कोपराशी थांबला तरी चालतं. मी थांबत नाही.
तो हसून हातवारे करतो,
दिसला हो चिंदरकर, दिसला,
खाली घ्या आता.