बारा मिलिमीटर

धायटीची फुलं जांबोटीहून आणली,
बसमध्ये पोतं शेजारच्या सीटवर ठेवून.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.
म्हणाला, जागा अडवलीय म्हणजे माणूसच की.

सावलीत वाळवायची, उन्हात नाही.
हे होसमनी मॅडमनी तीनदा सांगितलं :
एकदा कन्नडात, एकदा मराठीत,
आणि एकदा नुसतं गच्चीवरच्या माझ्या चादरीकडे बघून.

झेंडू मात्र गणपत गल्लीतला.
संध्याकाळी तंगेव्वाच्या टोपलीत उरलेला, कडा तपकिरी.
"काय करूलालीस गं एवढ्या शिळ्या फुलांचं?"
"जंतू मरतात काय बघूलालोय."
तिनं डावा तळवा माझ्यासमोर धरला.
हार ओवायची सुई घुसलेली, तीन आठवडे झाले,
अंगठ्याखाली अजून ओल.
"मग ह्येच्यावर लाव."
म्हटलं, अजून नाही. आधी ताटलीत.
"ताटलीत? जेवायला घालतीस व्हय त्यास्नी?"

घालतोच की.
मांसाचा अर्क, चिमूटभर मीठ,
समुद्री शेवाळाची पारदर्शक खळ,
वर सदतीस अंशांची ऊब.
पाहुण्याचं कुणी इतकं करत नाही.

पाहुणा सिव्हिलमधून आलेला, काचेच्या नळीत,
नाव नाही, फक्त खाट एकोणीस.
रात्रभरात वाढून सकाळी सोनेरी दिसतो,
अगदी झेंडूच्या रंगाचा.
हे मी वहीत लिहिलं आणि खोडलं.
वहीत रंगाला उपमा चालत नाही.

आज ताटल्या उघडल्या.
झेंडू : काही नाही. चकतीला खेटून सोनं.
शेवंती : काही नाही.
पळस सात. पण कागदाची चकतीच सहाची,
म्हणजे पळसानं एक मिलिमीटर लाज राखली.
धायटी :
चकतीभोवती स्वच्छ कडं,
जणू गर्दीत कुणी अंग चोरून वाट दिलीय.
पट्टी धरली. पुन्हा धरली.

"एष्टु बंतु?" इराप्पानं दारातूनच विचारलं, हातात बाटल्यांचा ट्रे.
"हन्नेरडु."
बारा! त्यानं ट्रे टेबलावर ठेवला
आणि कुंद्यासाठी खिसा चाचपला.

मग मागच्या फळीवरची एक ताटली आठवली.
तिच्यात फूल नव्हतं.
नुसतं मिथेनॉल, ज्यात आम्ही फुलं भिजवली होती.
तिच्यातही कडं. नऊ.

इराप्पाचा हात खिशातच राहिला.
मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या,
चकत्या नीट सुकल्या नव्हत्या, घाई झाली.
नऊ वजा करून तीन लिहायचे, असलं गणित इथं नसतं.
पुन्हा करायचं.

पुन्हा केलं. चकत्या रात्रभर सुकवल्या, नुसत्या हवेवर.
मिथेनॉल : काही नाही.
धायटी : इराप्पा म्हणतो दहा, मी म्हणते अकरा.
कड नेमकी कुठं, यावर आमचं जुळेना.
दोघंही इथलेच,
कडेवरून भांडायची सवय दोन्ही घरांना.
मॅडमनी ताटली उजेडात धरली, एक डोळा मिटला,
म्हणाल्या, आडवं मोजा, उभं मोजा, सरासरी लिहा.
साडेदहा लिहिलं.
शेजारच्या रकान्यात बाजारातलं औषध : सव्वीस.

संध्याकाळी गणपत गल्ली.
तंगेव्वाच्या हाताला पांढरी पट्टी;
सून तिला ओढत दवाखान्यात घेऊन गेलेली.
पाच दिवसांच्या गोळ्या, त्यातल्या तीन दिवसांच्या घेतल्या,
"बरं वाटूलाललंय, मग बास की."
तिथंच टोपल्यांच्या मध्ये उकिडवी बसले
आणि उरलेल्या दोन दिवसांसाठी भांडले तिच्याशी,
मराठीत, मग मोडक्या कन्नडात,
मागं गिऱ्हाईक खोळंबलं तरी.
खाट एकोणीसबद्दल नाही सांगितलं.
नुसतं म्हटलं, अर्धा मेलेला शिकून येतो.

तिनं कमरेची चंची सोडली, पाकीट काढलं,
एक गोळी माझ्यासमोर गिळली, पाण्याशिवाय.
मग विचारलं,
"आणि तुझा? मेला काय त्यो?"
"थोडा. कडेकडेला."
"झेंडूनं?"
"झेंडूनं नाही."
तिनं टोपलीकडे बघितलं, मग माझ्याकडे,
जरा दुखावल्यासारखं,
आणि उरलेला झेंडू तरीही पिशवीत भरला.
"उद्याचा ताजा हाय. परत बघ."