दोन चौकटींमधलं अंतर

काउंटरवर मी चार मांडून ठेवले.
लिओबाने हात पाठीमागे धरले होते,
काचसामानाच्या दुकानात आणलेल्या मुलीसारखे.
"हात लावा," मी म्हणालो,
"हे नुसत्या डोळ्यांनी निवडायचं काम नाही."

आधी जपानी. दोन किलोंच्या वर.
उचलताच तिचा खांदा एकीकडे कलला.
"हे तर शेजारणीचं पोर कडेवर घेतल्यासारखं!"
आतला आरसा उडाला तेव्हा
खिडकीतलं मांजर उठून निघून गेलं.

मग स्वीडिश. बटण दाबल्यावरचा तो आवाज,
जाड दाराची कडी बरोबर जागेवर बसावी तसा.
तिने तीनदा ऐकला.
किंमत ऐकली एकदाच.

दोन भिंगांचा मात्र बराच वेळ सोडवेना.
वरून वाकून पाहायचं. काचेत माझं दुकान,
डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, आणि तरी अधिक खरं.
"मान खाली," ती पुटपुटली,
"म्हणजे आईला वाटेल मी ऐकतेय."

"एका रिळात बाराच?"
बाराच.
तिच्या फोनमध्ये अकरा हजार होते.
त्यातल्या कितींत आईचे डोळे उघडे आहेत
ते तिला सांगता आलं नाही.

शेवटचा आमचा, ड्रेस्डनचा.
त्याची खोड मी सांगितली, सांगायला हवीच:
याला अंतर पाळता येत नाही.
फिल्म पुढे ओढताना कधी कमी ओढतो,
मग एका फोटोची कड दुसऱ्याच्या अंगावर जाते.
हे नाही सांगितलं, की चार वर्षं
त्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
हेच चाक, हीच स्प्रिंग मी बसवत होतो.
सोमवारी जरा सैलच.

तिने तोच घेतला. स्वस्त म्हणून.

नोव्हेंबरात आली, कोट ओला,
निगेटिव्हची पट्टी माझ्या उजेडपेटीवर टाकली:
"बघा, काय करून ठेवलंय तुमच्या यंत्राने."

सातवी चौकट: आई, नाइस नदीच्या अलीकडे,
वृद्धाश्रमाच्या बाकावर, खांद्यांवर चौकड्यांची शाल.
आठवी: वडील, पूल ओलांडून, पोलंडच्या काठावर,
दुसऱ्या संसाराच्या बाल्कनीत,
सिगारेट पाठीमागे लपवताना.
एकोणीस वर्षं दोघांनी एकमेकांचं नाव घेतलेलं नाही.
आणि इथे, नखाएवढ्या पट्टीत
आईच्या शालीतून वडिलांची बाही आरपार गेलेली.
दोघांचा उजेड एकाच जागी पडला,
म्हणून निगेटिव्हमध्ये ती जागा
सगळ्यात काळी.

मी भिंग पुढे केलं. ती वाकली.
बाहेरून ट्राम गेली, पट्टी थरथरली,
बाही शालीत किंचित हलल्यासारखी झाली.
आम्ही दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

"दुरुस्त होईल?"
"होईल. अर्ध्या दिवसाचं काम."
"मग करा."
कॅमेरा तिने काउंटरवर ठेवला,
पट्टा मात्र मनगटाला गुंडाळलेला तसाच.
"पण आत रीळ आहे. चारच झालेत.
नाताळपर्यंत थांबलं तर चालेल?"

मी पावती लिहिली, तारीख घातली.
मग तारीख खोडली.