वीस नव्हे

मंगळवारीच पाट्या बदलल्या.
दर ऑक्टोबरात बदलतात. शिडीवरचा माणूस
तोंडात चार बोल्ट धरून
शंभर उतरवतो, ऐंशी चढवतो,
आणि पुढच्या खांबाकडे जातो.
आज शुक्रवार.

इनारीच्या अलीकडे, तळं जिथे रस्त्याला खेटतं,
तिथे दहिवराने पांढऱ्या पडलेल्या डांबरावर
दोन काळे पट्टे.
चाकं जिथे पहिल्यांदा अडली तिथे मी खडूची खूण करते
आणि टेप सोडत चालत जाते
मेलेल्या मादीच्या खुरांपर्यंत.
बहात्तर मीटर.
पट्टे तिथे थांबत नाहीत. आणखी चाळीस जातात,
मग खड्डा, मग बर्चचं कोवळं झाड, मग गाडी.

साम्पसा रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसलाय,
अंगावर राखाडी ब्लँकेट, भुवईवर तीन टाके.
वय एकोणीस. गाडी आजोबांची.
"फक्त वीसच जास्त होते," तो म्हणतो.
मग पुन्हा म्हणतो. जणू मी ऐकलंच नाही.

नीलास आला आहे, डोंगराकडून, स्कूटरचा वास घेऊन.
तो मादीपाशी गुडघ्यावर बसतो,
हातमोजा काढतो, कान उलटून बघतो.
कानाच्या कडेला त्याच्या घराण्याच्या खाचा.
तुझ्याकडे रेनडिअर किती, हे मी विचारत नाही.
इथे ते कुणी कुणाला विचारत नाही.
एवढंच कळतं: काल होते त्याहून एक कमी.

"लाकडांचा ट्रक असता तर?" तो विचारतो, कानावरचा अंगठा न काढता.
मी सांगते: सत्तर टनांचा ट्रक
सायकलच्या चालीने, ताशी चौदाने आला असता,
तरी या चौदाशे किलोच्या गाडीइतकीच ऊर्जा घेऊन आला असता.
वजन सरळ माणूस आहे, नीलास.
पन्नासपट झालं तर पन्नासपट मागतं, वर एक पैसा नाही.
वेग तसा नाही.
वेग हिशेबाला बसताना
स्वतःलाच जोडीला घेऊन बसतो.

मग फॉर्मच्या पाठीवर, बॉनेटच्या आडोशाला,
पेन्सिल गोठू नये म्हणून मुठीत ऊब देत
मी मुलाला मांडून दाखवते.
ब्रेक दर मीटरला सारखाच घास घेतात.
ऐंशीचा वर्ग चौसष्टशे:
तेवढं या बहात्तर मीटरमध्ये संपतं,
गाडी मादीच्या नाकासमोर उभी राहते,
ती श्वास सोडते, काच धुरकट होते, ती निघून जाते.
शंभराचा वर्ग दहा हजार.
चौसष्टशे वजा.
उरले छत्तीसशे.

"त्याचं मूळ काढ," मी म्हणते.
तो काढतो. शाळेत हुशार असावा.
ओठ हलतात, आवाज येत नाही.

साठ.

जिथे ऐंशीवाला थांबला असता,
तिथे तू वीसने नव्हतास, साम्पसा.
तिथे तू साठने होतास.

माझे वडील सौनाची घरं बांधायचे.
कोपरा काटकोनात आहे का, हे बघायला
त्यांच्याकडे गाठी मारलेली दोरी होती:
तीन, चार, पाच.
मला लहानपणी दोरीचं एक टोक धरायला लावायचे
आणि ओरडायचे, ताण, ताण, ढिलं सोडू नकोस.
साठ, ऐंशी, शंभर.
तीच दोरी. इतकी वर्षं मी ती रस्त्यावर ताणत आले
आणि आज पहिल्यांदा ओळखली.
हे मी कुणाला सांगत नाही.

मुलगा कागद घडी करून खिशात घालतो.
तो कागद सरकारी आहे, मला परत हवाय,
पण मी मागत नाही.

साडेतीनला अंधार येतो.
नीलास आणि मी मादीचे पाय धरून तिला बाजूला घेतो.
ऐंशी किलो असेल. जड नाही,
दोन माणसांना तर मुळीच नाही.
दक्षिणेकडून दिवे येतात,
मी लाल टॉर्च हलवते.
गाडी हळू होते, आणखी हळू,
आणि तरी आमच्यापाशी पोचते तेव्हा
वाटतं, अजून हळू हवी होती.