अकरा नंबर

गॅसच्या पावतीमागं हिशोब मांडलाय.
गफूरभाईचे केबलचे तीनशे, नेटचे चारशे.
कंपनीचे पाचशे नव्याण्णव, वर टॅक्स,
म्हणजे सातशे सात.
वैजनाथ नावाचं पोरगं आलं होतं सांगायला,
गळ्यात ओळखपत्र, पाठीवर घामाचा नकाशा.
म्हणालं, काकू, सहा महिन्यांचे एकदम भरा,
सातवा फुकट.
मी शाळेत क्लार्क होते, मला फुकट कळतं.
तरी भागाकार केला, गुणाकार केला.
सात महिन्यांत सहाशे अठ्ठावन्न रुपये वाचतात.
बरोबर आहे पोराचं.

सुमेधचं तर ठरलेलंच.
आतल्या खोलीत तो पुण्याच्या हापिसात असतो,
वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी,
आणि नेमकं त्याचं तोंड उघडं असताना
चित्र थिजतं.
"आई, पंधरा जणांसमोर मी माशासारखा दिसू लागलोय."
खरंय. मी पाहिलंय ते तोंड.
गफूरभाईला फोन लावला की म्हणतो,
"बस, निकललोच ताई."
मोंढ्यापासून आमची गल्ली दहा मिनिटं.
त्याचं निकलणं सगळी दुपार खातं.

पण.
हा पण कुठल्या रकान्यात लिहू?

आमचं कनेक्शन अकरा नंबर.
मानवतात त्यानं वायर ओढली तेव्हा
आमच्या आधी दहाच घरं.
त्याच्या वहीत मी अजून "मास्तरीणबाई, ११".
मास्तरीण मी कधीच नव्हते.
त्यानं विचारलं नाही, मी खोडायला लावलं नाही.

त्याचं एक लोकल चॅनेल होतं, नव्याण्णववर.
कुणाच्या तरी जावळाची, साखरपुड्याची शूटिंग
आणि खाली पळती पट्टी:
तांबडी गाय हरवली आहे, डावं शिंग मोडकं.
उद्या पहाटे चारला नळ येईल, कुंभारगल्ली, मागची बाजू.
नऊ दिवसांनी येणारं पाणी
आम्ही आधी टीव्हीत बघायचो, मग हंड्यात.
पट्टी चुकू नये म्हणून ह्यांनी
क्रिकेटची शेवटची ओव्हर सोडलेली आहे.
वैजनाथला विचारलं, तुमच्यात नव्याण्णववर काय लागतं?
त्यानं टॅबवर बोट फिरवलं.
"स्वयंपाक, काकू. तमिळ."

आता नळाचं मोबाइलवर येतं, हेही लिहायला हवं.
आणि नव्याण्णव दोन वर्षांपासून नुसता निळा आहे.
ज्याच्यासाठी मी अडून बसलेय
ते बंद पडलंय,
एवढं मला कळतं.

वायर आमच्याकडं येते साळव्यांच्या गच्चीवरून.
साळव्यांशी आमचं बोलणं नाही, बांधकामाच्या वेळेपासून.
त्यांच्या पाण्याच्या टाकीला एक वेढा, मग आमची खिडकी.
त्यांनी कधी कापली नाही.
नवी केबल रस्त्याच्या खांबावरून सरळ येणार,
कुणाच्या गच्चीला हात न लावता.

काल गफूरभाई आला वसुलीला.
मी चहा ठेवला, आत शब्द जुळवत राहिले.
तोच म्हणाला, बशीत बघत,
"ताई, कंपनीचं घ्यायचं असंल तर घ्या.
महा अल्ताफ बी त्यांच्यातच लागलाय, खांबावर चढतो.
त्यालाच पाठवतो.
बाकीचे भिंतीला भोकं पाडून जातात, बुजवत नाहीत."
मग सातशेची पावती फाडली
आणि चहा गोड झालाय म्हणाला.
पुढच्या महिन्याचं त्यानं काढलं नाही,
मीही नाही.

आत्ता मोबाइलवर सहा आकडे आलेत.
दहा मिनिटांत वैजनाथला सांगायचे.
आतून सुमेध, "आई, आला का ओटीपी?"
साळव्यांच्या गच्चीवर कुणीतरी
आमच्या वायरवर ओला टॉवेल टाकतंय,
टीव्हीतल्या बातम्यांच्या बाईचे चौकोन चौकोन झालेत.
हे रिमोट आपटतायत तळहातावर,
जणू दोष त्याचाच.

थांब रे, म्हणते, चष्मा सापडंना.
चष्मा डोळ्यांवर आहे.
सात मिनिटं आहेत अजून.